बांध फुटू द्या, काका

आमच्या इमारतीतल्या निम्म्या रहिवाशांना एका रविवारी सकाळी मृत घोषित करणाऱ्या गृहस्थांनी पुढे किशोरवयीन वाचकांसाठी कालप्रवासाची अद्भुतरम्य कादंबरी लिहिली, ही गोष्ट मला त्या वेळी विसंगत वाटली होती. आज वाटत नाही. दोन्ही कृत्यांमागे वृत्ती एकच होती: जे घडलेले नाही, ते लोकांना दाखवून देण्याची. पहिल्या प्रयोगात त्यांना अधिक यश मिळाले, एवढेच.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांनी उभी हयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. म्हणजे कारखान्यापुरते निवृत्त झाले. उरलेली सुरक्षा ते नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये घेऊन आले. उंच अंगकाठी, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च, आणि चालणे असे की पाइपांच्या जाळ्याखालून वाकून जाण्याची सवय मोकळ्या आकाशाखालीही सुटलेली नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. मुले त्यांना पाहिले की जिन्याखाली लपत.

काकांची स्कूटर नेहमी तोंड फाटकाकडे करून उभी असे, कारण पळायची वेळ आली तर वळवायला सवड मिळत नाही. देवळाबाहेर चपलाही ते याच तत्त्वावर काढत. लग्नात गेले की आधी कार्यालयाचा मागचा दरवाजा शोधत, तो उघडतो याची खात्री करून घेत, आणि मगच नवरा-नवरीकडे पाहत. एकदा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना उतरणाऱ्या माझ्या आईला त्यांनी थांबवले. "वहिनी, एक हात संसाराला, एक हात कठड्याला," असे ते म्हणाले. आईने शांतपणे एक पिशवी त्यांच्याकडे दिली आणि कठडा धरला. काकांच्या तत्त्वांची अंमलबजावणी करण्याची ही पद्धत पुढे इमारतीतल्या बऱ्याच बायकांनी उचलली.

खाडीकाठच्या गावातून मासे विकायला येणारी एक बाई आमच्या फाटकाशी पाटी मांडत असे. तिने सुरी कशी धरावी, याचे प्रात्यक्षिक काकांनी तिला दिले. तिने ते पूर्ण होऊ दिले आणि मग ती म्हणाली, "काका, मावरा मेलेला हाय, तो मना काय करनार नाय. तुमी जरा बाजूला व्हा, तुमचा पाय मधी येतोय." काका बाजूला झाले. तिने दाखवलेला धोका खरा होता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्यही केले.

त्यांच्यासमोर 'नशिबाने वाचलो' म्हणायची सोय नव्हती. "नशीब म्हणजे न केलेला तपास," हे त्यांचे आवडते वाक्य. याच भूमिकेतून त्यांनी फाटकाजवळ एक पेटी लावली होती आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने 'हुकलेले अपघात' असे रंगवले होते. पाय घसरला पण पडलो नाही, कुंडी कलली पण कोसळली नाही, असे काही झाले की चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे, अशी अपेक्षा होती. कारखान्यात म्हणे या पद्धतीने पुढचे मोठे अपघात टळत. आमच्या पेटीत पहिल्या महिन्यात पाणी कमी दाबाने येत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि एक निनावी चिठ्ठी: 'आज काका जवळजवळ हसले.' ती चिठ्ठी काकांनी फेकली नाही. सूचनाफलकावर लावली आणि खाली शेरा दिला: 'कारणे शोधण्याचे काम चालू आहे.' त्यांना विनोद कळतो की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात तेव्हापासून दोन पक्ष पडले.

आणि तो रविवार. काकांनी कोणालाही न सांगता आगीची घंटा वाजवली. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा टीव्हीचा रिमोट घेऊन उतरले. माझी आई भिजवलेल्या साबुदाण्याचे पातेले घेऊन आली. आग लागलेली असताना साबुदाणा कशासाठी, असे काकांनी विचारले. तर आग विझल्यावर चतुर्थीचा उपास सुटतो का, असे आईने उलट विचारले. गणितातले एक इंटिग्रल अर्धे सोडून उठणे अशक्य असल्यामुळे मी उशिरा पोहोचले. उशिरा आलेल्या सर्वांना काकांनी फाटकाच्या डावीकडे उभे केले आणि जाहीर केले, "ही बाजू मेली." सोसायटीच्या अध्यक्षांनी, जे डोक्याला शिकेकाई लावलेल्या अवस्थेत आमच्याच बाजूला उभे होते, या वर्गीकरणाला हरकत घेतली. काकांनी त्यांच्याकडे न पाहता सांगितले, "मेलेल्यांनी मध्ये बोलू नये."

या सगळ्याची खरी झळ काकूंना बसत असे. कारखान्यात जिथे ठिणगी उडेल असे काम करायचे तिथे आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. काकू म्हणत, आमच्या घरी फोडणीलाही ती लागते. कुकरची शिट्टी झाली की काका ओट्याशी हजर. तेल तापले की काका हजर. त्यामुळे निवृत्तीनंतर काही काळाने ते एकाएकी सकाळभर टेबलाशी बसून काही लिहू लागले, तेव्हा काकूंनी काय लिहिता असे विचारलेसुद्धा नाही. चालू झालेले यंत्र उगाच उघडून पाहू नये, हे त्या संसारातच शिकल्या होत्या.

त्या लेखनाचे बाड एके दिवशी माझ्या हातात आले. मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते, संशोधनासाठी बाहेर जाण्याची तयारी चालू होती, आणि माझ्या मताला किंमत आहे असे मला स्वतःला तरी वाटत होते. काका म्हणाले, "तू विज्ञानाची आहेस. तपासून दे. गणपतीत मुलांसमोर वाचणार आहे." वर नाव होते: 'उघाडीपलीकडे'.

मी फार आशेने वाचायला बसले, हे नोंदवले पाहिजे. शाळेपासून कालप्रवासाच्या जितक्या कथा मिळाल्या तितक्या मी वाचल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीतही काळाचे दार आमच्या पनवेलच्या खाडीत उघडलेले नव्हते. काकांची कल्पना खरोखर उत्तम होती. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावकरी बांध घालतात, आणि त्या बांधात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी एक झडप असते. तिला उघाडी म्हणतात. पनवेलजवळच्या कोन गावातली हिरू नावाची पंधरा वर्षांची मुलगी ओहोटीच्या वेळी जुन्या उघाडीतून वाकून पलीकडे जाते, आणि पलीकडे तिच्या पणजीचे लहानपण असते. मिठागरे, होड्या, विमानतळाची नुसती चर्चाही न ऐकलेली माणसे. पणजीच्या बालपणी एका वादळी रात्री बांध फुटला होता आणि गाव उपाशी राहिले होते, हे हिरूने घरी ऐकलेले असते. ती ते रोखायला निघते. एवढे वाचून मी उशी पाठीशी घेतली आणि नीट टेकून बसले.

पुढच्याच पानावर हिरूने उघाडीत शिरण्यापूर्वी दोर तपासला. कंदील तपासला. आपण कोणत्या काळात जात आहोत आणि केव्हा परतणार, हे आईला सांगितले. आईने ते पुन्हा म्हणून दाखवले.

चौथ्या प्रकरणात चाचे येतात. म्हणजे त्यांचे जहाज येते. तोवर हिरूने सगळे गाव टेकडीमागे हलवलेले असते. चाच्यांना रिकामी घरे आढळतात आणि ते, काकांच्याच शब्दांत, 'निराश होऊन परत गेले'. त्या क्षणी संपूर्ण कादंबरीत ज्यांच्याशी माझे मन जुळले असे ते चाचेच. सहाव्या प्रकरणात साप आहे, पण हिरूने पायवाट आधीच झाडलेली आहे. मग दोन सलग प्रकरणे हिरू बांधाची तपासणी करते. वीतभर जागाही ती सोडत नाही. आणि ज्या रात्रीसाठी आपण एवढा वेळ धीर धरला, ती वादळाची रात्र तीन वाक्यांत उरकते: 'वारा सुटला. बांध भक्कम राहिला. सर्वजण झोपले.'

मीही झोपले असते, पण राग आला होता. चांगल्या कल्पनेची नासाडी झाली की मला वाईट कल्पनेपेक्षा जास्त राग येतो. अद्भुतरम्य कादंबरीत अद्भुत होते, रम्यही होते. फक्त कुणाला काही होत नव्हते.

बाड परत करायला वर चढले, तर काकूंनी मला जिन्यातच गाठले. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "कसं आहे?" मी उत्तर जुळवत असतानाच त्यांना ते कळले. "नववी-दहावीची मुलं येणार आहेत ऐकायला," त्या म्हणाल्या. "ती मध्येच उठून गेली, तर हे बोलणार काही नाहीत, पण लिहिणं सोडतील. आणि लिहिणं सोडलं की माझ्या स्वयंपाकघरात येतील." मग त्यांनी पुस्ती जोडली, "निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस कशाची तरी वाट बघतोय गं."

मी आत गेले आणि छान आहे म्हणाले.

"छान हे निरीक्षण नाही, शेरा आहे," काका म्हणाले. "बस."

कारखान्यात काही बिघडले की कारणाच्या तळाशी पोहोचेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचा, ही त्यांच्या खात्याची रीत. ती त्यांनी माझ्यावर चालवली.

"कशी वाटली?"

"निराशा झाली."

"का?"

"कारण पुढे काय होईल याची उत्सुकता वाटत नाही."

"का वाटत नाही?"

"कारण हिरूला काही होणार नाही, हे आधीच कळतं."

"का कळतं?"

"कारण प्रत्येक संकट यायच्या आत ती ते टाळते."

"मग त्यात वाईट काय?"

"काका, हा 'का' नाही. हा बचाव आहे."

"मान्य. का टाळते?"

"कारण तुम्ही तिला टाळायला लावता."

"मी का लावतो?"

हा पाचवा होता आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरातून आले. "कारण तुम्हाला दुसरं काही येत नाही," काकू म्हणाल्या.

मी घाईने माझ्या खऱ्या आक्षेपाकडे वळले. कादंबरीत एक मूलभूत तार्किक दोष आहे, असे मी सांगितले. हिरू बांध फुटू देत नाही. बांध फुटला नाही, तर गाव उपाशी राहिले नाही. मग पणजीने ती गोष्ट सांगितलीच नाही. मग हिरूला भूतकाळात जायचे कारणच उरत नाही. तिने जे केले, ते केल्यामुळेच ते करण्याची गरज होती याचा पुरावा नाहीसा होतो. या प्रकारच्या कथांचा हा जुना पेच आहे आणि लेखकाला तो सोडवावा लागतो. टाळून चालत नाही.

काका हसले. जवळजवळ नव्हे, पूर्ण.

"अगं, हा पेच नाही. ही माझी नोकरी आहे."

त्यांनी सांगितले ते असे. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्यांना एकच प्रश्न विचारला जाई: गेल्या वर्षी तर काही झालेच नाही, मग तुमच्या खात्याला एवढी माणसे कशाला? काही झाले नाही याचे कारण ती माणसे आहेत, हे सिद्ध कसे करणार? त्यासाठी ती काढून टाकावी लागली असती. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना मोठे साहेब म्हणाले की यांच्या कारकिर्दीत विशेष काही घडले नाही. "सगळे हसले," काका म्हणाले. "मला वाटलं होतं, टाळ्या वाजतील."

म्हणून ही कादंबरी. काही न घडणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते एकदा कुणाला तरी दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मोठ्यांना दिसले नव्हते. मुलांना दिसेल, असे त्यांना वाटत होते.

मी प्रयोगशाळेत वाढलेली मुलगी. तुलनेसाठी दुसरी नळी नसेल तर पहिल्या नळीत काय झाले ते सांगता येत नाही, हे मला ठाऊक होते. मी म्हणाले, "न घडलेलं असं दिसत नाही, काका. आधी एकदा घडलेलं दाखवावं लागतं. बांध फुटू द्या. हिरूला पडू द्या."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी हिरूला नव्हे, त्यांच्या घरातल्या कुणाला ढकलायला सांगितले आहे.

पुढचे काही दिवस वरून काहीच बातमी नव्हती. काकूंकडून कळले की ते लिहायला बसतात, हिरूला बांधावर नेतात, आणि परत आणतात. शेवटी गणपती आठवड्यावर आले असताना त्यांनी मला बोलावले, कोरा कागद पुढे सरकवला आणि पेन दिले. "तू पाड. मला जमत नाही."

मी लिहिले: 'दोर घरी राहिला होता. हिरूचा पाय निसटला आणि ती उघाडीत पडली.'

काकांनी ती दोन वाक्ये उभ्याने वाचली. "पाणी किती होतं?"

"भरतीचं."

"लागलं तिला?"

"ते तुम्ही लिहायचं."

"पण दोर घरी कसा राहील?"

"माणसं विसरतात, काका."

"हो," ते म्हणाले. "विसरतात." मग खुर्ची ओढून ते बसले, आणि मी तिथे आहे हे विसरून गेले. मी दार ओढून घेतले.

गणपतीच्या दिवसांत पार्किंगमध्ये मंडप असे. काकांनी वायरिंग स्वतः तपासले होते आणि गणपतीशेजारी आगीसाठी वाळूची बादली ठेवली होती. त्या बादलीला कोणी हात लावला तर त्यांना वरच्या मजल्यावर कळत असे. वाचनाच्या संध्याकाळी लहान मुले सतरंजीवर बसली. नववी-दहावीची मागे उभी राहिली आणि त्यांनी चपला काढल्या नाहीत, यावरून त्यांचा बेत मला स्पष्ट कळला. काकूंनाही कळला असावा. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

तपासणीची दोन्ही प्रकरणे माझ्या सल्ल्याने गाळली होती. चाचे आता वेळेवर येत होते. पण मुलांच्या चुळबुळीत फरक पडला तो बांधावर. काका अपघाताचा अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात वाचत होते आणि त्यामुळेच अंगावर काटा येत होता. माती कुठून सुटू लागली, पाण्याचा रंग कसा बदलला, ओला दगड पायाखाली कसा फिरला, हिरूने ज्या खुंटीला हात घातला ती आतून कशी कुजलेली होती: प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. मला तेव्हा उमगले, की आयुष्यभर न घडलेल्या अपघातांची एवढी बारीक कल्पना दुसऱ्या कोणी केलीच नसेल. तो सगळा साठा त्या संध्याकाळी मोकळा होत होता.

पाणी हिरूच्या हनुवटीला लागले, तेव्हा पुढे बसलेल्या एका लहान मुलीने कानांवर हात ठेवले. काका थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि त्यांना काय म्हणायचे आहे ते मला दिसले: काही होत नाही, बाळ, मी आहे. त्यांनी मग माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पान उलटले आणि वाचत राहिले.

हिरू वाचली. तिच्याच वयाच्या पणजीने मीठ ओढायच्या लांब दांड्याने तिला बाहेर काढले. पण बांध गेला. खारे पाणी शेतात शिरले आणि त्या वर्षी भात झाला नाही. कादंबरी तिथेच संपत होती. काकांनी कागद खाली ठेवले. टाळ्या वाजल्या नाहीत. काकूंनी माझे मनगट धरले.

मग मागून नववीतल्या एका मुलाने, जो कधीतरी खाली बसला होता हे माझ्या लक्षातच आले नव्हते, जरा रागानेच विचारले, "पण काका, बांध आधीच कुणी तपासला का नाही?"

काकांनी चष्मा काढला. साऱ्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी एकदाही विचारला नव्हता.

"तपासायचं म्हणजे काय बघायचं?" दुसऱ्या एका मुलीने विचारले.

गाळलेली पाने वर घरी होती. काका उठले, वाळूच्या बादलीशी गेले आणि त्यांनी ती मंडपाच्या मधोमध पालथी केली. अध्यक्षांच्या तोंडून नुसता आवाज निघाला. काका जमिनीवर मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी वाळूचा बांध रचू लागले, आणि मला जांभया आणणारी ती दोन प्रकरणे शब्दन् शब्द सांगू लागले. पलीकडून कोणी बाटलीतले पाणी ओतले. पाणी झिरपले की मुले ओरडून जागा दाखवत, काका तिथे बोट घालून आत किती पोकळ आहे ते दाखवत, आणि मग सगळे मिळून ती बुजवत. मागे उभ्या असलेल्या एकाच्याही पायात आता चपला नव्हत्या.

आरतीची वेळ टळून गेली होती. अध्यक्ष पेटवलेले निरांजन हातात घेऊन कितीतरी वेळ मागे उभे होते. कापडी मंडप, उघडी ज्योत, रिकामी बादली, आणि काकांची त्या सगळ्याकडे पाठ.

"काका, आरती," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा हो," काका मान वर न करता म्हणाले. "अजून एक भोक राहिलंय."